सत्तेचाळीस नंबरच्या लोंब्या

"सत्तेचाळीस कुठंय? मी विचारतेय, सत्तेचाळीसचं काय झालं?"

जाळीघराच्या मधोमध उभ्या राहून मॅडम ओरडत होत्या. मॅडम म्हणजे आमच्या संशोधन केंद्राच्या प्रमुख. सहा वर्षांपूर्वी घाटावरून मालवणात आल्या. त्यांना समुद्राची सवय झाली, माशाच्या काट्यांची झाली, आमची काही झाली नाही. आवाज असा, की कुंपणापलीकडच्या माडावर चढलेला पाडेली एकही नारळ न पाडता सरसर खाली उतरला आणि "माका हाक मारल्यात?" म्हणून विचारू लागला. खोटं वाटत असेल तर पाडेली हयात आहे, विचारून घ्या.

सत्तेचाळीस नंबरचं रोप जागेवरच होतं. कुंडी होती, नंबराची पाटी होती, पानं होती. फक्त डोकं भादरल्यासारखं दिसत होतं. काल संध्याकाळपर्यंत त्याच्यावर भाताच्या सात लोंब्या होत्या, दाण्यांनी वाकलेल्या, प्रत्येकीवर कागदी पिशवी चढवलेली. आता एकही लोंबी नाही. आणि पिशव्या? त्या सातही पिशव्या नीट चौकोनी घडी करून कुंडीशेजारी ठेवलेल्या, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर एक दगड.

ती घडी मी बघताक्षणी ओळखली. कागदाची अशी घडी अख्ख्या केंद्रात एकच माणूस घालतो. तो म्हणजे गुणाजी, आमच्या जाळीघराचा राखणदार, माळी, पाणक्या आणि मालक. मालक हे त्याच्या स्वतःच्या मते.

मॅडमच्या मागं वैदेही उभी होती. वैदेही आमच्याच किनाऱ्यावरच्या जामसंड्याची, मास्तरांची मुलगी, आमच्याकडं डॉक्टरेटचं काम करणारी. हातात वही, कानावर पेन्सिल. आज ती त्या लोंब्या कापून, दाणे मोजून, वजन करून डबीत भरणार होती. ती ओरडत नव्हती. रडतही नव्हती. वहीतला तो एकच रकाना बघत होती. तिची चार वर्षं त्या सात लोंब्यांत होती.

मी या केंद्रात तंत्रज्ञ म्हणून राबलो आणि गेल्या वर्षी निवृत्त झालो. त्यामुळं चार वर्षं लोंबीत कशी मावतात ते मला सांगावंच लागेल. नाहीतर तुम्ही म्हणाल, भाताच्या सात लोंब्यांसाठी एवढं आकांडतांडव कशाला, चला आमच्या शेतात, भारा देतो. गावातले तेच म्हणाले होते.

वैदेहीचं काम क्रिस्परचं, आणि क्रिस्पर म्हणजे काय, हे मी तोंडवलीपासून देवबागपर्यंत इतक्या वेळा सांगितलंय की माझ्या बायकोलाही पाठ झालंय. डीएनए म्हणजे चारच अक्षरांत लिहिलेली अवाढव्य पोथी. पेशीपेशीत तिची प्रत. आपल्याला तिच्यातला एकच शब्द बिघडवायचा असतो, बाकी पोथीला धक्का न लावता. त्यासाठी एक कात्री लागते आणि एक पत्त्याची चिठ्ठी. कात्री म्हणजे एक प्रथिन. ते मूळचं जिवाणूंचं, अंगावर चालून येणाऱ्या विषाणूंना कापायला ते बाळगतात. चिठ्ठीवर आपण वीस अक्षरांचा पत्ता लिहायचा. कात्री ती चिठ्ठी घेऊन पोथीभर हिंडते आणि जिथं पत्ता जुळला, शिवाय शेजारी तिची ठरलेली खूण दिसली, तिथं कचकन कापते. पुढचं पेशी स्वतः करते. तुटलेली टोकं घाईघाईत जोडते आणि जोडताना एखादं अक्षर गाळते नाहीतर घुसडते. शब्द बिघडला. काम झालं.

आमच्या भातात बिघडवायचा शब्द कोणता? खारट पाणी आलं की भाताला हातपाय गाळायला लावणारं एक जनुक आहे. असं सांगितलं की मॅडम कपाळाला हात लावतात, पण गावाला बरोबर समजतं. ते जनुक निकामी केलं तर आमचं खाडीकाठचं भात खाऱ्या पाण्यातही दाणा भरेल, असा वैदेहीचा कयास होता.

सांगायला दोन मिनिटं लागतात. करायला घेतलं की माणूस देवाधर्माला लागतो. आधी तांदळाच्या अंकुरापासून काचेच्या बशीत पेशींच्या पिवळट गाठी वाढवायच्या. मातीतला एक जिवाणू झाडांच्या पेशींत आपलं सामान गुपचूप ठेवून यायची खोड बाळगून असतो. त्याचं सामान काढून त्याच्या पाठीवर आपली कात्री आणि चिठ्ठी लादायची. मग त्या गाठींतून कोंब फुटायची वाट बघायची. आणि मालवणच्या दमट हवेत कोंबाच्या आधी काय फुटतं? बुरशी. पावसाळ्यात आमच्याकडं बुरशी भिंतीवर येते, चपलेवर येते, स्थिर उभा राहिलात तर भुवईवरही येते. वैदेहीनं एका श्रावणात एवढ्या बशा फेकल्या की ढीग किनाऱ्यावरून दिसत होता. त्यात आमचे पाहुणे. दार बंद, आत निर्जंतुक हवा, मी तोंडाला फडकं बांधून श्वास रोखून बसलेला, आणि कोणीतरी दार सताड उघडून विचारणार, "दाजी, जेवलास?"

गिऱ्हाइकंही तसलीच. तोंडवलीचा एक रापणकर, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारा, यायचा, त्याला पेडव्यातले काटे काढून हवे होते, माशातून नव्हे, जातीतूनच. देवबागचा एक घरगुती निवासवाला तीन वेळा आला: पर्यटकांना कुर्ल्या, म्हणजे खेकडे, फोडता येत नाहीत, बिनकवचाच्या बनवा. एक म्हातारे तर मुंबईच्या जावयाचा फोटो घेऊन आले आणि हळूच म्हणाले, ह्याचो स्वभाव तेवढो बघा. मी सगळ्यांना समजावून सांगायचो. म्हातारे सगळं ऐकून घेऊन म्हणाले, मग ह्याचे केस देऊन जातंय, घाई नाय.

तर सत्तेचाळीस. पहिल्या पिढीतल्या रोपांत शब्द बिघडलेला असतो, पण कात्रीही आतच राहिलेली असते. आपल्याला हवं असतं ते पुढच्या पिढीतलं असं पोर, ज्याच्या आईबापांकडून आलेल्या दोन्ही प्रतींत शब्द बिघडलाय आणि कात्री मात्र त्याच्या वाट्याला आलेली नाही. कापलेलं, पण कात्री नसलेलं. वैदेहीनं एकेका रोपाचं पान तोडून तपासलं. त्यातलं सत्तेचाळीस नंबरचं तेवढं तसं निघालं. एकच. मग सगळ्या रोपांना खारं पाणी सुरू केलं. बाकीची पिवळी पडली, लोंब्या आल्या त्या पोचट. सत्तेचाळीस पोलीस भरतीला आल्यासारखं ताठ उभं. मॅडमनी त्या दिवशी सगळ्यांना स्वतःच्या हातानं चहा दिला. सहा वर्षांत एकदाच.

त्याचे हे दाणे. पुढची पिढी त्यांच्यातूनच उगवायची होती. आणि कागदावर ते अजून कैदी होते: अंतिम तपासणीचा अहवाल येईपर्यंत एकही दाणा केंद्राबाहेर जाता कामा नये, गेला तर जैवसुरक्षा समिती काम बंद करणार. काम बंद म्हणजे वैदेहीची मुदत संपणार. ती वर्षाखेरीपर्यंतच होती. चार वर्षं बुरशीत.

आता माझा अपराध सांगून टाकतो. त्या दिवशी नव्याची पुनव होती. आमच्याकडं नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान, कुरडूचं आणि गोंड्याचं फूल यांची जुडी बांधतात आणि ती दाराला, विहिरीला, नांगराला, होडीला, गाडीला लावतात. त्या जुडीला म्हणायचं नवां. प्रयोगशाळेत ही प्रथा कोणी सुरू केली? मी. फार वर्षांपूर्वी आमचं नळ्या गरगरा फिरवणारं अपकेंद्री यंत्र सारखं बंद पडायचं, मी त्याला नवां बांधलं आणि ते यंत्र पुढं अकरा वर्षं चाललं. मॅडम म्हणतात त्या आठवड्यात दुरुस्तीवाला येऊन गेला होता. आला असेल.

मी जाळीतून प्रयोगशाळेच्या दाराकडं बघितलं. मॅडमनी माझ्या नजरेच्या मागं बघितलं. दारावर नवां डुलत होतं. सकाळी त्याच दारातून आत येताना मॅडम त्याला नमस्कार करून आल्या होत्या.

गुणाजीला बोलावलं. तो हात पुसत आला.

"गुणाजी, ह्या लोंब्या कुठून आणल्यात?"

"खंयसून म्हणजे? हयसूनच."

मग उलगडा झाला तो असा. जुडीत भर घालायला शेजाऱ्याच्या शेतातल्या दोन दोन लोंब्या, तोच वाण, सगळा गाव तोच लावतो. पण प्रत्येक नव्यात एक लोंबी आपल्या हातची लागते, गुणाजीच्या घराण्यात तसंच चालत आलंय. आणि सत्तेचाळीसला रोज पाणी कोण घालतं? गुणाजी. मग ते कोणाच्या हातचं? मॅडमनी विचारलं, जाळीघरात इतकी रोपं असताना नेमकं हेच का. गुणाजीनं त्यांच्याकडं असं बघितलं की जणू त्यांनी देवाला शिळा नारळ द्यायला सांगितलं.

"देवाक देवचा तर बरा असात ताच देतंत ना, मॅडम?"

यावर मॅडम आणखी मोठ्यानं ओरडल्या.

सात लोंब्या, सात ठिकाणं. प्रयोगशाळेचं दार. अपकेंद्री यंत्र. डीएनएच्या प्रती काढायचं यंत्र. मोठं शीतकपाट, ज्याच्यात उणे ऐंशीची थंडी असते आणि ज्याच्याशी मी देवापेक्षा जास्त बोललोय. ही चार आवारातच. पाचवं मॅडमच्या राहत्या बंगलीच्या दाराला. हे ऐकून मॅडम खाली बसल्या. सहावं गुणाजीच्या घरी. सातवं त्याच्या जावयाच्या होडीला, देवबागला.

पहिली पाच अर्ध्या तासात काढली. वैदेही प्रत्येक जुडी वेगळ्या पाकिटात घालून वर ठिकाण लिहीत होती.  मग गुणाजीच्या घरी गेलो. नवां दारावर होतं, पण लोंबी थोडी उघडी वाटत होती. गुणाजीची बायको मोकळेपणानं म्हणाली की आपल्या हातच्या लोंबीतले पाच दाणे सोलून खिरीत घालतात, ते घातले.

"कुठल्या खिरीत?" मॅडमनी विचारलं.

खरं म्हणजे विचारायची गरज नव्हती. दुपारी एक वाजता गुणाजी डबा घेऊन आला होता. नव्याची खीर, नारळाच्या रसातली, गूळ घातलेली. आम्ही सहा जणांनी ती खाल्ली होती. वैदेहीनं खाल्ली होती. मॅडमनी दोनदा घेतली होती आणि वेलची छान आहे म्हणाल्या होत्या.

परतीच्या वाटेवर मॅडम गाडीत बोटांवर दाणे मोजत होत्या. शेवटी वैदेही म्हणाली, "पाच गेले. बाकी आहेत." मला वाटतं, त्या दिवशी तेवढं एक शहाणं वाक्य बोललं गेलं.

देवबागला मी आणि वैदेही गेलो. एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र, मधे वाळूची पट्टी आणि तिच्यावर जगातले सगळे पर्यटक. गुणाजीचा जावई सत्यवान डॉल्फिन दाखवायला होडी घेऊन गेलेला. मी गावात सांगतो की आम्ही दुसरी होडी काढून लाटांवरून त्याचा पाठलाग केला आणि एक डॉल्फिन वाट दाखवत पुढं पोहत होता. वैदेही म्हणते आम्ही तासभर कोकम सरबत पीत धक्क्यावर बसलो होतो. तिला त्या दिवशी धक्का बसला होता, तिला नीट आठवत नसणार.

होडी आली. पुढच्या टोकाला, नाळेवर, नवां बांधलेलं, पर्यटक त्याच्यासकट फोटो काढून घेत होते. मी सत्यवानाला बाजूला घेऊन समजावलं. कात्री, चिठ्ठी, पोथी, सगळं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि नाही म्हणाला.

"नवां बांधला काय वर्षभर सोडूचा नसता. उद्या भर समुद्रात इंजिन बंद पडला तर तुमची प्रयोगशाळा येतली काय ओढूक?"

मी कायदा सांगितला. समिती सांगितली. त्याच्या सासऱ्याची नोकरी सांगितली. तो होडीच्या नाळेशी जाऊन उभा राहिला, पाठ आमच्याकडं. वर्षभर ती होडी त्याच्या घराला जेवायला घालते, तिच्या अंगावरचं नवां त्यानं का म्हणून सोडावं?  मी वैतागून वाळूत बसलो.

वैदेहीनं चपला काढल्या. पिशवीतून तिनं एक जुडी बाहेर काढली: आंब्याचं पान, कुरडू, गोंडा, तीन लोंब्या. येताना गुणाजीच्या शेजाऱ्याकडून लोंब्या मागून घेऊन ती तिनं गाडीतच बांधली होती, मला पत्ताही नाही. गुडघाभर पाण्यात शिरून ती होडीपाशी गेली.

"दादा, सोडूचा नाय. बदलूचा. आधी ह्या बांधूया, मगे ता काढूया. होडी एक घडी पण मोकळी रवाची नाय."

सत्यवानानं जुडी निरखून बघितली. मग मला विचारलं, "ही खंयची?"

"जामसंड्याची."

"तरीच," तो म्हणाला आणि बाजूला झाला. गाठ त्यानं स्वतः मारली, पहिली सुटायच्या आधी.

आता आमच्याकडं सात पाकिटं होती आणि प्रत्येकात तीन लोंब्या, एका वाणाच्या, एका रंगाच्या. त्यातली सत्तेचाळीसची कोणती? गुणाजी म्हणाला, माका वळखता. चिमटीत धरून त्यानं सात लोंब्या झटक्यात वेगळ्या काढल्या. मॅडम म्हणाल्या, चिमटीचा अहवाल समिती घेत नाही.

इथं माझा धंदा कामाला आला, आणि हा भाग मी जरा मिशीला पीळ भरून सांगतो. प्रत्येक लोंबीच्या देठाचा हिरवा कपचा घ्यायचा, वाटायचा, डीएनए काढायचा. आपल्याला हव्या त्या तुकड्याच्या लाखो प्रती यंत्रात काढायच्या. मग त्या नळीतच तीच कात्री आणि तीच पत्त्याची चिठ्ठी टाकायची. साध्या भातात पत्ता शाबूत असतो, कात्री कापते, तुकड्याचे दोन तुकडे होतात. सत्तेचाळीसमध्ये पत्ताच बिघडलेला, कात्री दार शोधत बसते, तुकडा अखंड राहतो. ज्या कात्रीनं काम केलं तिलाच साक्षीला उभं करायचं. मग ते सगळं जेलीसारख्या लादीत भरून वीज सोडायची. डीएनए विजेबरोबर सरकतो, लहान तुकडे पुढं पळतात, मोठे मागं रेंगाळतात, आणि खास दिव्याखाली पट्ट्या दिसतात. दोन पट्ट्या, शेजाऱ्याचं भात. एक पट्टी, आपलं.

एकवीस लोंब्या, एकवीस नमुने. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी आणि वैदेही भिडलो. दुपारी मी स्वतः लादी भरली. माझा हात असा स्थिर, की नमुना भरताना हातावर माशी बसली तर ती झोपी जाते. वीज सोडली. पाऊण तासानं दिव्याखाली धरली. लादी कोरी. एकही पट्टी नाही.

मॅडम माझ्या खांद्यामागं. वैदेही तारांकडं बघत होती.

"दाजीकाका," ती म्हणाली, "तारा उलट्या लागल्यात."

डीएनए तांबड्या टोकाकडं पळतो. काळ्याकडून तांबड्याकडं. मी बत्तीस वर्षांत जितकी पोरं शिकवली त्यांना हे पहिल्या दिवशी शिकवलं. उलटी तार लावणाऱ्या एकाला मी आठवडाभर 'तांबडोजीराव' म्हणत होतो. आणि मी स्वतः, त्या दिवशी, त्या नमुन्यांना, उलटी तार लावली. सगळा डीएनए मागच्या बाजूनं पाण्यात निघून गेला. नळीत अर्धा अर्धा नमुना शिल्लक होता म्हणून निभावलं. वैदेहीनं लगेच दुसरी लादी ओतायला घेतली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी पट्ट्या दिसल्या. सात नमुने अखंड, चौदांच्या दोन दोन पट्ट्या. प्रत्येक पाकिटात बरोबर एक सत्तेचाळीसची. गुणाजीनं काढलेल्या सातांपैकी पाच बरोबर होत्या, दोन चूक. मी त्याला सांगितलं तर तो म्हणाला, तुमच्या यंत्राची काय गॅरंटी, दुपारी कोरा दाखवल्यान. 

मग मोजदाद. भाताचा दाणा गळला तरी त्याचा बारका देठ लोंबीवर राहतो, त्यामुळं किती गेले ते कळतं. गुणाजीच्या घरच्या लोंबीतले पाच. होडीवरच्या लोंबीतले तीन. कावळ्यानं नेले, वाऱ्यानं गेले, की पर्यटकांनी आठवण म्हणून खुडले, देव जाणे. बाकी सगळे वैदेहीच्या डबीत आले. डबीचं झाकण लावल्यावर ती मागच्या दारी गेली आणि बराच वेळ आली नाही. मी मुद्दामच बघायला गेलो नाही.

अहवाल मॅडमनी स्वतः लिहिला. खरा लिहिला, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. मी सुचवलं होतं की 'उंदीर' लिहून मोकळे होऊ, आमच्या उंदरांच्या नावावर आणखी आठ दाण्यांनी काय बिघडतंय. त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. 'तीन दाणे: कर्ली खाडीच्या मुखाजवळ, अंदाजे.' 'पाच दाणे: सेवन.' कोणी सेवन केले या रकान्यात सहा नावं लिहायची होती. मॅडमनी पेन थांबवून विचारलं, कोणाच्या वाटीत ते दाणे आले हे नक्की नाही, तर स्वतःचं नाव घालायलाच हवं का. मी म्हटलं, दोनदा घेतलीत मॅडम, शक्यता तुमचीच जास्त. त्यांनी नाव घातलं. शेवटी एक रकाना होता, 'सदर प्रथेचा पायंडा'. तिथं त्यांनी लिहिलं, 'स्थानिक'. मी समोर बसलो होतो. मी शिक्क्याची शाई पुढं सरकवली.

समितीचं पत्र तीन महिन्यांनी आलं. दोन पानं झाडाझडती, आणि शेवटी परवानगी. दाणे पेरता येतील. वैदेहीची मुदत एका हंगामानं वाढवून मिळाली. ते दाणे उगवले, खाऱ्या पाण्यात उभे राहिले, आणि ती आता डॉक्टर वैदेही आहे, दूर कुठल्या थंड गावात राहून कुठलंसं गवत कापते. फोनवर मला अजून तारांबद्दल विचारते.

पण परवानगीला एक अट होती. जाळीघरात गुणाजीनं पाऊल ठेवायचं नाही. त्याची बदली फाटकावर, आणि जाळीघराची किल्ली तंत्रज्ञाकडं. तंत्रज्ञ म्हणजे मी.

पत्र वाचून दाखवायला मॅडमनी गुणाजीला कार्यालयात बोलावलं. त्यानं उभ्यानं ऐकलं, कमरेची किल्ली सोडली आणि टेबलावर ठेवली. ओरडण्याचं काही कारण उरलं नव्हतं, तरी मॅडमच्या आवाजात तो वैताग होताच. तीन महिने त्यांना एकच गोष्ट छळत होती. इतकी वर्षं गुणाजी नव्याच्या लोंब्या स्वतःच्या खाडीकाठच्या कुणग्यातून, म्हणजे भातशेतातून, आणत आला होता, हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. आपल्या हातचीच लोंबी हवी होती, तर घरचं शेत सोडून त्या पोरीच्या एका रोपाला हात का लावलात, एवढं तरी मला समजावून सांगा, असं त्या म्हणाल्या.

गुणाजीनं किल्ली थोडी सरळ केली.

"बांध फुटलो मॅडम. शेतात खारा पाणी शिरला. ह्या वर्सा माझ्या कुणग्यात एक दाणो भरूक नाय."